टाकीतला प्रवाळ आला कुठून, हेही छापा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या रीफ टँकवर, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ ठेवण्याच्या टाक्यांवर, पानभर लेख आला. दिवे कोणते घ्यावेत, मोबाइलवरून चालणारा पंप केवढ्याला पडतो, टाकी दिवाणखान्यात कुठल्या भिंतीला शोभते, सगळे त्यात आहे. टाकीत जे जिवंत आहे ते आले कुठून, यावर मात्र एक ओळही नाही. मी गिरगावात राहतो. लोकांच्या घरी माशांच्या टाक्या बसवायच्या आणि सांभाळायच्या, हा माझा आयुष्यभराचा धंदा. त्यामुळे ती राहिलेली ओळ मी लिहितो. पत्र लांबेल, हवे तर कात्री लावा.

मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानात कामाला लागलो ते ऐंशीच्या दशकात. तिथे गप्पी, मॉली, गोल्डफिश यांचा खप. 'मरीन' टाकी एकच, दर्शनी भागात, गिऱ्हाइकाला थांबवण्यापुरती. तिचे पाणी भाऊच्या धक्क्यावरून यायचे. ओळखीचा एक तांडेल लांब आतून कॅन भरून आणायचा, कारण किनाऱ्याचे पाणी गढूळ. ते पिंपात झाकून, अंधारात निवळत ठेवायचे. पावसाळा आला की पंचाईत. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बाहेर पडत नसत आणि किनाऱ्याचे पाणी पावसाने अळणी झालेले, म्हणून वैशाखातच पिंपे भरून ठेवावी लागत.

मासे यायचे रामेश्वरम-मंडपमकडून, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, रेल्वेने. निळे-पिवळे डॅमसेल, क्लाउनफिश, कधी एखादा बटरफ्लाय. टाकीच्या तळाशी जाळीदार फिल्टर, त्यावर शिंपल्यांचा चुरा, वर दोन ट्यूबलाइट. आणि सजावटीला पांढरेशुभ्र, मेलेले, ब्लीचमध्ये धुतलेले प्रवाळ. तेव्हाच्या मुंबईत 'प्रवाळाची टाकी' म्हणजे हेच. हिरवे शेवाळ चढले की प्रवाळ बाहेर काढायचा, पुन्हा ब्लीच, पुन्हा आत. माशांवर परजीवींचे पांढरे ठिपके आले की पाण्यात तांब्याचे औषध. त्या औषधाने कोळंबी, समुद्रफूल, प्रवाळ, बिनकण्याचे जे काही असेल ते मरते. म्हणजे जिवंत प्रवाळ कुणी ठेवला असता तरी तो त्या पाण्यात जगला नसता.

बाहेरच्या जगात याआधीच एका माणसाने कोडे बऱ्यापैकी सोडवले होते, आणि तो युरोप-अमेरिकेतला नव्हता. जकार्ताचे ली चिन एंग. १९६१ साली एका अमेरिकन मासिकात त्यांनी आपली पद्धत मांडली. समुद्रातून काढलेले सजीव दगड, स्वच्छ समुद्राचे पाणी, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे. बस्स. फिल्टर नाही. त्यामागचे कारण असे: माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, दगडावरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. इथवर आमचा तळाचा फिल्टरही करायचा. पण सच्छिद्र दगडाच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. आमच्या टाकीत हा शेवटचा टप्पाच नव्हता, म्हणून नायट्रेट साचत राहायचे.

मग जर्मन मंडळी आली. पीटर विल्केन्स यांनी सत्तरच्या दशकात चुन्याच्या निवळीचा वापर रुळवला. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून बांधतो. बंद टाकीत ते दोन्ही संपत जातात आणि कुणीतरी परत घालावे लागतात. रात्री पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजणारा आकडा, उतरतो, तेव्हा ही निवळी थेंबथेंब सोडायची. (चुना पानवाल्याकडचा नव्हे, प्रयोगशाळेतला शुद्ध. हे सांगावे लागते, कारण मला विचारणारे भेटले आहेत.) सजीव दगड आणि स्किमर यांची जोडी बर्लिनवाल्यांनी जमवली, तिला बर्लिन पद्धतच म्हणतात. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात तसा हा स्किमर: बारीक बुडबुडे सोडायचे, पाण्यातली प्रथिने त्यांना चिकटून फेस होऊन वर येतात, तो काळपट फेस पेल्यात गोळा होतो आणि आपण फेकून देतो. घाण कुजायच्या आधीच बाहेर. अमेरिकेत १९८६ साली जॉर्ज स्मिट यांची लेखमाला आली आणि तिथल्या घराघरांत 'मिनी रीफ' सुरू झाले. त्यांचा ठिबक फिल्टर पुढे मागे पडला, पण घरात प्रवाळ जगतो यावर लोकांचा विश्वास बसला तो तेव्हा.

आमच्यापर्यंत हे सारे जहाजाने पोचले, अक्षरशः. कुलाब्याला मर्चंट नेव्हीतले एक चीफ इंजिनिअर माझे गिऱ्हाईक होते. बंदरोबंदरी मासिके विकत घ्यायचे, सुट्टीवर आले की माझ्यापुढे टाकायचे. कृत्रिम मिठाची पहिली बादली मी त्यांच्याच घरी पाहिली. पिण्याच्या पाण्यात मीठ कालवून समुद्र तयार होतो हे बघून आमचा तांडेल दिवसभर हसत होता. खारेपणा किलोला ३५ ग्रॅम, घनता १.०२५ ते १.०२६, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, तापमान पंचवीस-सव्वीस अंश. हे आकडे पाठ झाले आणि समुद्र म्हणजे मोजता येण्याजोगी गोष्ट आहे हे डोक्यात शिरले. इंजिनिअरसाहेबांची शिस्तही इंजिनरूमची. टाकीशेजारी वही, रोज सकाळी नोंद. आजही नव्या गिऱ्हाइकाला मी आधी वही घ्यायला लावतो, मग टाकी.

दिव्यांचा इतिहास मुंबईपुरता सांगायचा तर तो उकाड्याचा इतिहास आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, प्रवाळ बराचसा त्याच्या जिवावर जगतो, म्हणून उजेड हवाच. नव्वदच्या दशकात अडीचशे वॉटचे मेटल हॅलाइड दिवे आले. प्रवाळ खूश, पण मे महिन्यात पाणी बत्तीस अंशांना टेकायचे. तेवढ्या उष्णतेत प्रवाळ आपले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. मग पंखे, मग चिलर. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकणार, ती काढायला एसी. एका घरात टाकीचे विजेचे बिल घराच्या बिलाला मागे टाकू लागले तेव्हा घरातल्या बाईंनी मला आणि टाकीला एकदमच नोटीस दिली. एलईडी आल्यावर हा त्रास निम्म्याहून कमी झाला. प्रवाळाला लागतो तो निळा उजेडच मुख्यतः द्यायचा, उरलेली वीज गरम करण्यात घालवायची नाही. आता तर पाण्याचा नमुना जर्मनीतल्या प्रयोगशाळेत पाठवला की तीसेक मूलद्रव्यांचा तक्ता घरपोच येतो. आपल्या लेखातले हे सगळे खरे आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच.

तक्रार अशी की लेखात फक्त यंत्रे बदललेली दिसतात. खरा बदल त्यापुढचा आहे. टाकीत प्रवाळ नुसता जगत नाही, तो वाढतो, इतका की कापावा लागतो. अॅक्रोपोरा या फांद्या फुटणाऱ्या कठीण प्रवाळाची एक फांदी तोडून छोट्या चकतीवर चिकटवली की काही आठवड्यांत ती चकतीवर पसरते. याला धंद्यात 'फ्रॅग' म्हणतात. अमेरिकेत, युरोपात आज शौकीन एकमेकांना फ्रॅग देतात, विकतात. एकेका वाणाची वंशावळ सांगतात, आपण हापूसच्या बागेची सांगतो तशी. इंडोनेशियाने २०१८ मध्ये प्रवाळाची निर्यात थांबवली आणि २०२० मध्ये पुन्हा सुरू केली. मधल्या काळात तिकडचा छंद कोलमडला नाही, कारण बराच माल घरच्या टाक्यांतच तयार होत होता.

माशांचेही तेच. फ्लोरिडात मार्टिन मो यांनी सत्तरच्या दशकात क्लाउनफिशची पैदास धंदा म्हणून करून दाखवली. पिवळा टँग अवघड, त्याची पिल्ले इवलीशी, त्यांना पहिला घास कुठला द्यायचा हेच कळत नव्हते. हवाईतल्या संशोधकांनी तो २०१५ मध्ये वाढवला. पुढच्याच वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाने निळा टँग. आणि लंडनचे हॉर्निमन संग्रहालय तर समुद्रापासून लांब, शहराच्या दक्षिण भागात. तिथे जेमी क्रॅग्ज यांच्या गटाने बंद टाकीत प्रवाळाला अंडी-बीज सोडायला लावले. प्रवाळ वर्षातून ठरावीक रात्री, पाण्याचे तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्र यांचा मेळ बसला की बीज सोडतो. त्यांनी एलईडीवर सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्राच्या कला चालवल्या, महिन्यामहिन्याचे तापमान खऱ्या रीफवरचे दिले. २०१९ मध्ये फ्लोरिडा अॅक्वेरियमने त्यांच्याच मदतीने तिथला धोक्यात आलेला पिलर प्रवाळ प्रयोगशाळेत प्रसवून दाखवला. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र तापला तेव्हा तिथल्या लोकांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवले. ज्या तंत्राला आपला लेख दिवाणखान्याची शोभा म्हणतो, ते तंत्र हे काम करते आहे.

आता आपल्याकडे बघा. यंत्रे तीच, कधी कधी तिकडच्यापेक्षा महाग. प्रवाळ मात्र कुठून आला हे विचारायची पद्धत नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सगळे कठीण प्रवाळ घातले गेले, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेसुद्धा. म्हणजे कायद्याने संरक्षण वाघाइतकेच. मन्नारच्या आखातातून किंवा लक्षद्वीपमधून एक तुकडा उचलून विकला तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद. हे योग्यच आहे. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्णतेत पांढरे पडून मेले, त्यात आपण हात घालायला नको. त्याच कारणाने समुद्रातले सजीव दगडही मी लावत नाही. सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे दगड ओतून घेतो. ते गोड्या पाण्यात महिनोन्महिने मुरवावे लागतात, नाहीतर टाकीचा पीएच चढतो. एवढा धीर सगळ्यांना नसतो.

अडचण पुढे आहे. इंडोनेशियातून आलेला, तिथे समुद्रातल्या शेतीत वाढवलेला अॅक्रोपोराचा तुकडा आणि आपल्या समुद्रातून चोरलेला तुकडा, दोन्ही टाकीत ठेवले तर मी सांगू शकत नाही कुठला कोणता. वनखात्याचा अधिकारीही सांगू शकणार नाही. फरक फक्त कागदाचा. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराखाली कठीण प्रवाळाला निर्यात परवाना लागतो. आपल्या वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे सजीव बाळगणाऱ्याने नोंद करायची आहे. त्याचे नियम २०२४ मध्ये आले आणि नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर होते. माझ्या माहितीतल्या किती टाकीवाल्यांना हे ठाऊक आहे? दुकानात 'पेपर दाखवा' म्हटले की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आपला लेख लाखो घरांत गेला. त्यात एक चौकट या कागदांची असती तर मला हे पत्र लिहावेच लागले नसते.

सरकारचा हातही नेहमी योग्य जागी पडतो असे नाही. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने मत्स्यपेटीच्या दुकानांसाठी नियम काढले. दीडशेहून अधिक जातींच्या विक्रीवर बंदी, आणि त्या यादीत क्लाउनफिशही. ज्या माशाची पैदास कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याच देशात करून दाखवली आहे, जो घरीसुद्धा वाढवता येतो, त्यालाच बंदी! ओरड झाली, पुढे नियम मागे घेतले. समुद्रातून धरलेला मासा आणि टाकीत जन्मलेला मासा यांत फरक करायचा असतो, हे नियम लिहिणाऱ्याला सुचले नाही आणि विरोध करणाऱ्यांनीही तेवढे जोरात सांगितले नाही. सगळे रोजगारावरच बोलत राहिले.

घरी वाढवता येतो म्हणालो, ते ऐकीव नाही. माझी पुतणी डोंबिवलीला बाल्कनीत हे करते. क्लाउनफिशची जोडी दगडावर केशरी अंडी घालते, नर त्यांना परांनी वारा घालत राहतो. आठवड्याभरात, दिवे मालवल्यावर, अंधारात पिल्ले बाहेर पडतात. ती त्याच रात्री वेगळी काढली नाहीत तर सकाळी काही शिल्लक नसते. त्यांना पहिले खाणे रोटिफर, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव, आणि रोटिफरला खायला हिरवे शेवाळी पाणी. म्हणजे माशाची शेती करायच्या आधी माशाच्या खाण्याची आणि त्याच्या खाण्याच्या खाण्याची शेती. तिच्या बाल्कनीत बादल्याच बादल्या. सोसायटीचे सेक्रेटरी डासांची तक्रार घेऊन आले होते, सूक्ष्मदर्शकातून बघून गेले आणि आता स्वतः बाटली घेऊन हिरवे पाणी मागायला येतात. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशननेही क्लाउनफिशची हॅचरी चालवली आहे. आपला वार्ताहर तिकडे का जात नाही?

शिवाजी पार्कच्या एका आजींच्या घरची टाकी मी बरीच वर्षे सांभाळतो. तिच्यात एक महागडा तुकडा नाही. मऊ प्रवाळ, एक गोबी मासा आणि एक पिस्तूल कोळंबी. कोळंबीला नीट दिसत नाही, ती दिवसभर वाळूत बीळ खणते आणि मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवते. मासा दारात पहारा करतो. धोका दिसला की शेपटी हलवतो, दोघे आत. आजी त्यांना मालक-भाडेकरू म्हणतात, पण मालक कोण यावर त्यांचा आणि माझा वाद आहे. अशी टाकी बघायला मुले येतात. मोबाइलवरून चालणाऱ्या पंपाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

म्हणून माझी मागणी, आपल्याकडे आणि आपल्यामार्फत सरकारकडे. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, २०१५ मध्ये काचेच्या बोगद्यासह नव्याने उघडले, कोविडच्या टाळेबंदीत बंद झाले आणि पुढे इमारतच धोकादायक ठरली. नवे मत्स्यालय बांधण्याच्या घोषणा अधूनमधून होतात, आणि त्यात दरवेळी मोठा बोगदा, मोठी काच, परदेशी मासे. त्याऐवजी एक खोली प्रवाळांच्या रोपवाटिकेची ठेवा आणि तिला काचेची भिंत द्या, काम करणारी माणसे लोकांना दिसू देत. आपल्याकडे लावायला प्रवाळ नाहीत असे नाही. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास आहेत, विजयदुर्गापासून समुद्रात शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर आहेत. इतकेच कशाला, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर होते. किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे बसवल्या. पुढच्या प्रकल्पाच्या वेळी अशा वसाहती काही दिवस ठेवायच्या झाल्या तर शहरात टाकी आहे का? कायद्याने परवानगी वनखात्याने द्यायची, शास्त्र संस्थेने सांगायचे. पंप बंद पडल्यावर रात्री दोनला धावत येणारी, खाऱ्या पाण्यात हात फाटलेली माणसे आमच्या धंद्यात आहेत. त्यांना त्या खोलीत नोकरी द्या. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्यांना नको, पुतणीच्या वयाच्यांना द्या.

आपला,
एक टाकीवाला,
गिरगाव, मुंबई

ता. क. : लेखातल्या चौकटीत 'दगडावरचे नको असलेले प्रवाळ घालवायला दगड उकळत्या पाण्यात घालावा' असा सल्ला आहे. कृपया याची दुरुस्ती लगेच छापा. झोअँथिड गटातल्या, मऊ प्रवाळांसारख्या काही जिवांत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. दगड उकळला की ते वाफेबरोबर श्वासात जाते. २०१८ साली इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशायरमधल्या एका गावात, घरची टाकी साफ करताना याच विषाने घरातली माणसे आणि मदतीला धावलेले अग्निशामक रुग्णालयात पोचले होते. असा दगड उकळू नये, कोरडा घासू नये, गरम पाण्याच्या नळाखाली धरू नये. हातमोजे आणि चष्मा घालून, खिडक्या उघडून, पाण्याच्या बादलीतच काम करावे. हाताला जखम असेल तर त्या दिवशी हात घालू नये. आणि काम झाल्यावर तोंडात कडू-धातूसारखी चव आली, ताप भरला किंवा श्वास लागला तर डॉक्टरांना 'प्रवाळाचे विष' असे स्पष्ट सांगावे, नाहीतर ते फ्लू समजून औषध देतील.